उघड्या मंडपातील संगीत नाटक : झाडीपट्टीच्या पुनरारंभाविषयी

१

भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्या अध्यायात नाट्यगृहाच्या उत्पत्तीची जी कथा आली आहे, ती आजच्या नाट्याभ्यासकाने पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. पहिला नाट्यप्रयोग झाला तो महेंद्राच्या ध्वजोत्सवात. देवांच्या विजयाचे अनुकरण पाहून असुर क्षुब्ध झाले, आणि विरूपाक्षाच्या पुढारपणाखाली आलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, त्यांची हालचाल आणि त्यांची स्मृती ही तिन्ही जखडून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने विघ्नांचे निवारण केले. तथापि असा उपद्रव पुन्हा होऊ नये म्हणून ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास नाट्यगृह बांधावयास सांगितले. या कथेचा सरळ अर्थ असा की, नाटक आधी होते आणि गृह मागाहून आले. गृह हे नाट्याचे अंग नव्हे. ते नाट्याचे संरक्षण होय.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा या कथेचा क्रम उलटा झाला. जे छप्पर नटाच्या आणि प्रेक्षकाच्या रक्षणासाठी उभे केले होते, तेच आता धोक्याचे ठिकाण ठरले. बंदिस्त हवेपेक्षा मोकळी हवा अधिक निर्भय, असे वैद्यकशास्त्र सांगू लागले. निम्म्या आसनांच्या अटीवर ५ नोव्हेंबर २०२० पासून नाट्यगृहांना परवानगी मिळाली. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील 'सीतास्वयंवरा'च्या स्मरणार्थ हाच दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलपे लागली आणि ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाली. या दीड-पावणेदोन वर्षांच्या काळात 'रंगभूमी बंद आहे' हे वाक्य आपण वारंवार उच्चारले. परंतु त्या वाक्यात रंगभूमी म्हणजे नाट्यगृह असे एक समीकरण आपण नकळत गृहीत धरले होते. ज्या रंगभूमीला गृहच नाही, तिच्या बाबतीत 'बंद होणे' आणि 'पुन्हा सुरू होणे' यांचा अर्थ काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार जालन्यात बसून करताना दृष्टी पूर्व विदर्भाकडे वळवावी लागते, याचे कारण उघड आहे. संबंध कुटुंबाने, संबंध गावाने, उघड्यावर बसून पाहावयाचे संगीत नाटक ही संस्था आपल्या जिल्ह्यात आज नांदती नाही. ती नांदते आहे ती गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत. म्हणून आधी तेथील वस्तुस्थिती पाहू आणि मग तिचा आपल्याशी असलेला संबंध तपासू.

२

झाडीपट्टी हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा आणि जंगलाचा मुलूख. येथील नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. धान कापून खळ्यावर आलेले असते, हातात दाणा असतो, अंगाला उसंत असते. या काळात गावोगाव मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्यांना जोडून रात्री नाटक असते. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पाहुणेरावळे येतात. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात. दंडार, खडी गंमत यांसारखे जुने लोकनाट्यप्रकार या भूमीत आधीपासून होतेच. त्यांच्या शेजारी, संगीत नाटक मंडळ्यांच्या प्रभावातून, गद्य-पद्यमिश्रित असे हे रात्रभराचे नाटक वाढले.

त्याची व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. पूर्वी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत. आता गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, ज्याला सर्वजण वडसा म्हणूनच ओळखतात, हे या व्यवसायाचे केंद्र झाले आहे. हंगामाच्या तोंडावर तेथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या उघडतात. गावचे मंडळ तेथे येऊन नाटक ठरविते, तारीख धरते, विसार देते. रंगमंच, पडदे, दिवे, वाद्ये आणि नट मंडळी मंडळी आणते. जागा, मंडप, तिकीटविक्री आणि बंदोबस्त हे गावाकडे असते. पदरी काही शिल्लक पडली, तर ती देवळाच्या, शाळेच्या किंवा अशाच एखाद्या सार्वजनिक कामी लागते. जुन्या पद्धतीत तर प्रेक्षकांसाठी जमीन उताराने खणून घेत, म्हणजे मागे बसलेल्यालाही समोरचे दिसावे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास नांदी होते आणि भैरवीपर्यंत पहाट झालेली असते. हे नाटक पाहावयास माणूस एकटा जात नाही, घर जाते. म्हातारी कांबळे घेऊन पुढे बसते, मुले मांडीवर झोपतात, विनोदी पात्र आले की जागी होतात आणि पुन्हा झोपतात.

या रंगभूमीतील कार्याबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरी वृत्तपत्रांतून तिच्याविषयी थोडे कुतूहल दिसले. परंतु ते कुतूहल बहुधा संख्येचे होते : किती प्रयोग, किती भूमिका, किती उलाढाल. तिच्या रूपाचा विचार क्वचितच झाला. झाला तेव्हाही तो नाट्यगृहातील नाटकाचे निकष लावून झाला. मग हे नाटक लांबलेले, भडक, पुनरुक्तीने भरलेले आणि गाण्यांनी ठिगळलेले दिसते. हे दोष खरोखर दोष आहेत काय, हे ठरविण्यापूर्वी ते कोणत्या परिस्थितीचे फल आहे हे पाहावयास हवे.

३

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. कोणतीही भाषा अर्थ एकदाच सांगून थांबत नाही. 'माझी धाकटी मुलगी आली' या चार शब्दांच्या वाक्यात स्त्रीलिंगाची सूचना चारही शब्द देतात. तर्काच्या दृष्टीने एक सूचना पुरेशी होती. मग उरलेल्या तीन कशासाठी? बोलणे हे शांततेत घडत नाही, म्हणून. वारा असतो, अंतर असते, दुसरे कोणी बोलत असते, ऐकणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळते. एक सूचना हरवली तर दुसरी पोहोचावी, अशी ही भाषेची तरतूद आहे. भाषेतील पुनरुक्ती म्हणजे उधळपट्टी नव्हे. ती गोंगाटाविरुद्ध केलेली बेगमी आहे.

उघड्या मंडपातील नाटकाला हेच तत्त्व लावून पाहावे. येथे मूल रडते, कुत्री भुंकतात, चहाच्या दुकानावर बोलणे चालू असते, मध्यरात्री एखादे कुटुंब नव्याने येऊन बसते. अशा ठिकाणी नाट्यगत अर्थ एकाच वाटेने पाठविला तर तो पोहोचणार नाही. म्हणून प्रसंग प्रथम संवादात येतो, नंतर त्याच प्रसंगाचे सार गाण्यात येते, त्यानंतर विनोदी पात्र त्याचीच नक्कल करून तो पुन्हा सांगते. दोन भावांतील वाटणी, नवऱ्याचे व्यसन, सुनेचा छळ, कर्जात बुडालेला शेतकरी हे या नाटकांचे नेहमीचे विषय आहेत. आणि हे विषय आधीच परिचित असणे हीदेखील तीच बेगमी आहे. वर टांगलेल्या ध्वनिक्षेपकाच्या रोखाने, शब्द लांबवून, समोर तोंड करून बोलण्याची नटांची रीत आपल्याला कृत्रिम वाटते. परंतु ती रीत अंतराने लादलेली आहे. बाजूला बसलेला प्रॉम्प्टर कधी कधी प्रेक्षकालाही ऐकू येतो. गावागावाला नटसंच बदलणाऱ्या आणि तालमीला फारशी सवड नसलेल्या या रंगभूमीवर तो नाटकाची चालती स्मृतीच असतो.

गाण्याचे स्थानही यातूनच समजते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी नाटकातील पद हे पात्राच्या भावस्थितीचा उत्कर्षबिंदू मानले गेले. बंदिस्त नाट्यगृहात हे पद पुढे स्वतंत्र मैफलीकडे झुकले, आणि 'वन्समोअर' हा त्याचा पुरस्कारही झाला व रोगही. उघड्या मंडपात पदाकडे आणखी दोन कामे येतात. एक, ते झोपलेल्याला उठविते. दोन, ते उठलेल्याला आतापर्यंत काय झाले ते सांगते. ही दोन्ही कामे सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत. पण ज्या नाटकाचा प्रेक्षक आजीपासून नातवापर्यंत एकाच सतरंजीवर बसलेला असतो, त्या नाटकाची बांधणी या कामांवर उभी असते. म्हणून झाडीपट्टीचे गाणे ज्या ठिकाणी कथेतून उगवते, त्या ठिकाणी ते ठिगळ नसून शिवण आहे.

याच निकषावर या रंगभूमीचा खरा दोषही दाखविता येतो. अंकांच्या मधे, कथेशी संबंध नसलेल्या चित्रपटगीतांवरील नृत्यांचा भरणा जो वाढत गेला आहे, तो झोपलेल्याला उठवितो हे खरे. पण उठलेल्याला काहीच सांगत नाही. शिवाय तो सतरंजीवरील कुटुंबाचे दोन भाग करतो. तरुण पुरुष मंचाजवळ सरकतात आणि बायका मान खाली घालून बसतात. असे नृत्य शहरी अभिरुचीला रुचत नाही म्हणून ते वाईट, असे मी म्हणत नाही. या नाटकाचा प्रेक्षक म्हणजे कुटुंब, ही जी या रूपाची मूळ अट, तीच ते मोडते, म्हणून ते या नाटकाच्या स्वतःच्या न्यायाने सदोष आहे. एखाद्या रूपाला त्याच्याच व्याकरणाने दोष देता आला, तरच ती समीक्षा. एरवी ती केवळ परक्याची तक्रार.

४

आता बंदीकडे वळू. २०२०–२१ चा हंगाम मुख्यतः बुडालाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली ती दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे झाडीपट्टीला अगदी सोयीच्या वेळी. परंतु डिसेंबर २०२१ च्या अखेरीस साथीची नवी लाट आली. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात पाचांहून अधिक माणसांनी एकत्र जमण्यास मनाई झाली, आणि १० जानेवारी २०२२ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच बाहेर पडण्यावरच निर्बंध आले. शहरातील नाट्यगृहाने अशा वेळी प्रयोग दुपारी घेतला असता. झाडीपट्टीचे नाटक दुपारी होऊ शकत नाही. त्याचे द्रव्यच रात्र आहे. मोकळ्या हवेने जे संरक्षण दिले होते, ते रात्रीच्या बंदीने काढून घेतले. एप्रिल २०२२ च्या आरंभी, गुढीपाडव्याच्या सुमारास, सर्व निर्बंध उठले. तेव्हा हंगाम सरला होता. म्हणून खऱ्या अर्थाने संबंध असा हंगाम मिळाला तो २०२२–२३ चा.

आणि तो मिळाला, ही यातील विशेष गोष्ट. तो कसा मिळाला? शासनाचा आदेश निघाला म्हणून, असे उत्तर अपुरे आहे. आदेशाने केवळ मनाई संपते. दोन वर्षे पडून राहिलेले नाटक पुन्हा उभे राहिले, कारण ज्या साखळीत ते गुंफलेले होते तिची एकही कडी तुटलेली नव्हती. धान पिकतच होते. मुलींना माहेरी बोलाविण्याची रीत शाबूत होती. मंडईचे दिवस ठरलेले होते. मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर थांबलेल्या बैलांच्या शर्यतींनाही डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाल्याने शंकरपटाची कडीदेखील पुन्हा जोडली गेली. विघ्नांनी नटांची वाणी आणि हालचाल जखडली होती. स्मृती मात्र नटांजवळच नव्हती, ती गावाजवळ होती, म्हणून ती जखडता आली नाही. नाट्यशास्त्रातील कथेला या अनुभवाने एक पुरवणी जोडली आहे, असे म्हणावयास हरकत नाही : नाट्याचे संरक्षण गृहही करते आणि पंचांगही करते.

५

हा निष्कर्ष जालन्याकडे घेऊन आलो म्हणजे त्याचे खरे वजन कळते. जालना शहरात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. नाटकाविषयी आपल्याकडे जे बोलणे होते, ते बहुधा इमारतीविषयी होते : दिवे, खुर्च्या, छप्पर, दुरुस्ती. इमारत हवीच, ती सुस्थितीत असावी, याविषयी दुमत नाही. परंतु इमारतीचे कुलूप काढले की रंगभूमी सुरू होते, ही समजूत वरील विवेचनानंतर टिकत नाही.

मग झाडीपट्टीचे अनुकरण करावे काय? येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या महिन्यांत झाडीपट्टीतील गाव भरते, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडील गाव रिकामे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. जे मागे राहतात, त्यांच्या हातात कापसाची वेचणी असते, आणि ती धानाच्या कापणीसारखी एकदा होऊन संपत नाही. मार्गशीर्षातील रात्री आपल्या गावात नाटक उभे केले, तर सतरंजीवर आजी-आजोबा आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे असतील. मधली पिढी फडावर असेल. कुटुंबाचे नाटक कुटुंबाशिवाय होणार नाही. आपला हंगाम असलाच तर तो चैत्र-वैशाखात आहे. तेव्हा कोयते घरी परततात, जत्रा आणि उरूस भरतात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे रामदासांच्या जन्मस्थानी रामनवमीचा उत्सव असतो. उत्सवाच्या शेवटी सोंगे आणून देवापुढे गावासाठी मागणे मागणारे लळित हे नाट्यरूप मराठी परंपरेत याच जागी उभे होते. गृह, तिकीट आणि अंक यांच्या आधीचे हे संगीत नाटक आहे, आणि त्याचे पंचांग अजून आपल्याजवळ आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील काही ध्वनी आढळत नाहीत. 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'र', 'श'च्या जागी 'स' येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या परिश्रमामुळे या बोलीचा अभ्यास आज सुस्थिर पायावर उभा आहे. परंतु झाडीपट्टीच्या नाटकात, काही अपवाद वगळता, नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत, त्याचीच ही दूरची आवृत्ती होय. प्रेक्षक आपल्या बोलीवर हसतो आणि परक्या बोलीवर रडतो. जी रंगभूमी गावाच्या मालकीची आहे, तिने गावाच्या भाषेला शोकाचा अधिकार देऊ नये, ही तिच्यातील सर्वांत मोठी विसंगती मला वाटते. नृत्यांचा भरणा उद्या कमी होऊ शकेल. ही विसंगती अधिक खोल आहे.

या बाबतीत मात्र गोदाकाठच्या आपल्या परंपरेजवळ एक उत्तर आहे. अंबडच्या शेजारी, पैठणला, एकनाथांनी भारुडे रचली. जोशी, महार, गोंधळी, विंचू चावलेला माणूस अशा सामान्यांच्या तोंडी, सामान्यांच्याच भाषेत, त्यांनी आपला सर्वांत गंभीर आशय घातला. तेथे बोली हसविते आणि त्याच श्वासात अंतर्मुख करते. हसण्यासाठी एक भाषा आणि रडण्यासाठी दुसरी, अशी वाटणी भारुडाने केली नाही. झाडीपट्टीजवळ हंगाम आहे, संघटना आहे, प्रेक्षक आहे. आपल्याजवळ हे भाषिक धैर्य आहे, आणि ते चारशे वर्षांहून जुने आहे.

यावरून आपल्या विभागातील अभ्यासकांपुढे दोन कामे येतात, असे मला वाटते. पहिले, जिल्ह्यातील जत्रा, उरूस आणि उत्सव यांचे तालुकावार पंचांग तयार करणे, आणि त्यातील कोणत्या रात्री पूर्वी सोंगे, भारूड, लळित होत असत याची वृद्ध माणसांकडून नोंद घेणे. दुसरे, मराठवाडी बोलीत शोक, विनवणी, शाप, समजूत या भावांसाठी जी वाक्यरूपे आहेत त्यांचा संग्रह करणे. कारण बोलीचे आपले संग्रह म्हणी आणि विनोद यांच्यापाशी थांबतात, आणि नाटककाराला रडण्याची भाषा सापडत नाही. ही दोन कामे झाली तर एखाद्या चैत्रातील रात्री उघड्या मंडपात नाटक उभे करावयास इच्छिणाऱ्या मंडळाला आपण कोणता दिवस धरावा आणि कोणत्या भाषेत बोलावे, एवढे तरी सांगू शकू. नाट्यगृहाची दुरुस्ती अभियंत्यांनी करावी. पंचांग आणि वाणी यांची डागडुजी हे आपले काम आहे.